बाबांना छोटी गावं दाखवायची आहेत

बुधवार, १२ मार्च

कंपनीने नोकरी काढून घेतली आणि जाताना हातावर एक करिअर कोच ठेवली. ही बाई व्हिडिओ कॉलवर फार गोड हसते. म्हणाली, मनात येईल ते रोज लिहा, कुणाला दाखवू नका, सुरुवात स्वतःच्या ओळखीने करा. डिसेंबरपासून टाळत होतो. आज लिहायला बसलो, कारण लायब्ररीच्या वाय-फायने मान टाकली आहे.

तर मी चंद्रहास. वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतला. घर ऑकलंडला, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात. मृदुला इंजिनिअर आहे आणि तिची नोकरी शाबूत आहे. सिद्धी तेरा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. आणि बाबा. वाईला त्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. आई गेल्यावर दुकान विकून आमच्याकडे आले.

बाबांना माझी नोकरी गेल्याचं माहीत नाही. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आमच्यात म्हाताऱ्या माणसांना वाईट बातमी सांगत नाहीत, पुढे काही चांगलं घडलं की दोन्ही एकदम सांगतात. चांगलं अजून घडलेलं नाही. म्हणून मी रोज सकाळी बॅग घेऊन ‘ऑफिसला’ जातो. आधी तळ्याच्या बागेत गाडी लावून अर्ज पाठवतो, मग लायब्ररीत येतो, संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत घरी जातो. शिव्या मात्र खऱ्या असतात.

शुक्रवार, १४ मार्च

वेलिंग्टनहून बोलावणं आलं! एका सरकारी खात्यात टेस्ट मॅनेजर हवा आहे. पुढच्या गुरुवारी समोरासमोर मुलाखत. इतक्या अर्जांनंतर पहिल्यांदा कुणाला माझं तोंड बघावंसं वाटलं.

पण विमानाने पटकन जाऊन येणं जमणार नाही. सिद्धीच्या शाळेचा कॅम्प आहे आणि मृदुला पालक म्हणून बरोबर जाणार आहे. तासाभरात पोचेल असं कुणी जवळ नसेल तर बाबांना एकटं ठेवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मृदुला म्हणाली, “गाडीने घेऊन जा त्यांना. सांग, ट्रिप आहे.”

जेवताना मी विषय काढला. “बाबा, इथली छोटी छोटी गावं बघायला जाऊया का? फार सुंदर आहेत म्हणतात.” छोटी गावं का म्हणालो देव जाणे. अकरा वर्षं या देशात आहे, मोटरवे सोडून एका गावात पाय टाकलेला नाही.

बाबांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. “ऑफिसातून रजा मिळेल?”

“मिळेल की.”

“किती?”

“हवी तेवढी.”

“चांगलं ऑफिस आहे,” बाबा म्हणाले आणि आमटी ओरपायला लागले. सिद्धी पटकन उठून पाणी आणायला गेली. तिला हसू आलं होतं की रडू ते कळलं नाही.

भांडी लावताना मृदुला म्हणाली, “हे नाही झालं तर बाबांना सांगायचं. घर विकायचा विषयही तेव्हाच काढू. मला हे रोजचं नाटक नाही झेपत रे.” मी म्हटलं, होईल.

सोमवार, १७ मार्च. टाउमारुनुई

थापेची एक गंमत असते, ती मारली की तिची सेवा करावी लागते. छोटी गावं म्हटलं ना, आता प्रत्येक गावाची पाटी आली की बाबा काचेवर बोट ठेवतात. “हे छोटं आहे. थांबव.”

टी कुइटीला गावाच्या टोकाला मेंढीची लोकर कातरणाऱ्या माणसाचा भलामोठा पुतळा आहे. बाबा मान वर करून त्याच्याभोवती फिरत राहिले. म्हणाले, “आपल्याकडे पुतळा करायचा तर हातात तलवार लागते. याच्या हातात मेंढी आहे. बरं वाटलं.” मी घड्याळ बघत होतो. समोरच्या बाकावरचे एक आजोबा “कियोरा” म्हणाले, बाबांनी “राम राम” म्हटलं, आणि दोघांनी मिळून हवामानावर चर्चा केली. कोणती भाषा वापरली ते विचारू नका.

टाउमारुनुईच्या अलीकडे नोकऱ्या लावून देणाऱ्या एजंटबाईंचा फोन आला. मी कानात बड लावून बोललो. खालची ग्रेड चालेल का, विचारत होत्या. मी ‘यस, यस, फ्लेक्सिबल’ करत राहिलो. बाबांना वाटलं असेल ऑफिसचंच काही. फोन ठेवला आणि पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करणार इतक्यात बाबा म्हणाले, “चंदू, गाडी थांबव जरा. मला उतरायचंय.”

रेल्वे स्टेशनवर थांबवली. वाटलं लघवीला जायचं असेल, पण ते गेलेच नाहीत. स्टेशनात खेळण्यातली एक रेल्वे आहे, खऱ्या डोंगरावर रूळ कसे गोल गोल चढवलेत ते दाखवणारी. गाडी बोगद्यात शिरते, वळसा घेऊन वरच्या अंगाला निघते. बाबांनी मला शेजारी उभं केलं आणि ती पुन्हा पुन्हा बघायला लावली. तिथल्या बाईंनी त्यांच्यासाठी ती सारखी चालू केली, कंटाळल्या नाहीत. खरं सांगायचं तर मलाही ती आवडली. मग गुरुवार आठवला आणि पुन्हा घड्याळ बघितलं.

बाबांना दिवसातून फार वेळा उतरावं लागतं. परत गेल्यावर प्रोस्टेट दाखवायला हवं.

मंगळवार, १८ मार्च. राएतिही

आज फक्त चिडचिड. सकाळी ओहाकुनेला रस्त्याकडेला उभं केलेलं प्रचंड गाजर झालं. बाबांनी गाजरासमोर माझा फोटो काढला, गाजर सगळं आलं, मी कमरेपर्यंत आलो. गावामागचा मोठा डोंगर ढगात होता. मी मनात उत्तरांची उजळणी करत होतो. ‘टीममधला संघर्ष तुम्ही कसा हाताळला?’ संघर्ष हाताळायला टीम लागते.

राएतिहीच्या बाहेर वळणावर लाकडी फळ्यांचं एक टपरीवजा दुकान दिसलं. बटाटे, गाजरं, अंडी, आणि खिळ्याला अडकवलेला पैशांचा डबा. माणूस नाही. इथे अशी दुकानं असतात. माल घ्यायचा, डब्यात पैसे टाकायचे, निघायचं. मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका उलट्या क्रेटवर बसले.

“बाबा, चला.”

“मालक जेवायला गेला असेल. गल्ला उघडा टाकून गेलाय. तो येईपर्यंत बसतो.”

“तो येणारच नाही! इथे कुणी बसतच नाही.”

“मग आज बसेल.”

चाळीस वर्षं दुकानात बसलेल्या माणसाला रिकामं दुकान सोडून जाववत नाही, हे मला कळायला हवं होतं. त्यांनी बटाट्याच्या पिशव्या नीट लावल्या, टपोरे बटाटे पुढे, मार लागलेले मागे. मी गाडीत जाऊन दार आपटलं. वाटलं, माझं आयुष्य गुरुवारवर टांगलंय आणि हे इथे गाजरं विकतायत. फोनला रेंज नव्हती. मेल बघता येईना, उत्तरं घोकता येईनात. सीट मागे केली.

जाग आली तेव्हा ऊन टपरीच्या पलीकडे गेलं होतं आणि बाबांचा स्वेटर माझ्या अंगावर होता. गेल्या कित्येक दिवसांत असा झोपलो नव्हतो. बाहेर बाबा एका आजींना अंडी देत होते. “लेडी, धिस व्हेरी फ्रेश,” असं ठामपणे सांगत होते, जणू कोंबडी घरची आहे. आजी हसत गेल्या.

मग चार चाकांच्या क्वाड बाइकवरून मालकीण आली. मिरियामा नाव, उंच, गुडघ्यापर्यंत गमबूट. तिने एकदा बाबांकडे बघितलं, एकदा लावलेल्या पिशव्यांकडे. “मटुआ, तुम्ही माझ्याकडे कामाला लागलात की काय?” मटुआ म्हणजे वडीलधाऱ्याला मान देऊन मारलेली हाक.

कामाचं नाव निघाल्यावर मी घाईने दुसरीकडे बघितलं. बाबा शांतपणे म्हणाले, “नो, नो. माय सन टायर्ड. ही स्लीप, आय सिट.” दमलेला म्हणे. गाडी चालवून दमलो असेन असं वाटलं असेल त्यांना.

तिने चहाला घरी नेलं. स्वयंपाकघरात चूल पेटलेली, खिडकीतून डोंगर एकदम मोकळा झालेला. बाबांनी विचारलं, चोरी होत नाही का? मी भाषांतर केलं. ती म्हणाली, “होते कधीकधी. पण त्यासाठी मी दिवसभर तिथे बसून राहू? मला दुसरी कामं आहेत. बहुतेक माणसं बरी असतात.” बाबांनी हे मला पुन्हा मराठीत सांगायला लावलं, जणू पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं. मग म्हणाले, “माणसांवर भरवसा टाकला की डोक्याला ताप कमी.” मी मान हलवली. निघायला फार उशीर झाला, मुक्काम इथेच केला. गावातून चालत फिरलो. एक जुनं थिएटर, बेकरी, रुंद रिकामा रस्ता, आणि समोरून येणारा प्रत्येक माणूस हात वर करणारा. मला इथे राहावंसं वाटलं, साधारण दहा मिनिटं.

बुधवार, १९ मार्च. अप्पर हट

टाइहापेला पत्र्याचा भलामोठा गमबूट. हंटरव्हिलला कुत्र्याचा पुतळा. या लोकांना पुतळ्यासाठी कोणीही चालतं. बाबा खूश. बेकरीतल्या मुलीने त्यांना पाय, म्हणजे इथला भाजी भरलेला खारा पदार्थ, गरम करून दिला आणि ‘स्वीट अ‍ॅज’ म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ‘मस्त’. बाबा मला म्हणाले, “गोड नव्हता, पण चांगला होता.”

संध्याकाळी अप्पर हटच्या मोटेलमध्ये. इथून वेलिंग्टनला ट्रेन जाते. बाबांना सांगितलं की उद्या नितीशला भेटून येतो. नितीश माझ्या कॉलेजातला, हल्ली पोरिरुआला असतो, बाबांना माहीत आहे. “ये की,” म्हणाले. मग माझी बॅग उघडून निळा शर्ट काढला आणि मोटेलची इस्त्री तापवली. मी म्हटलं, अहो मित्राला भेटायचंय. म्हणाले, “मित्र झाला म्हणून चुरगळलेलं जायचं?” कॉलर दोन्ही बाजूंनी केली.

हे गेलं तर पुढे काही नाही, घर जाईल, हे मी कोचला सांगत नाही, इथे लिहितो. मला भीती वाटते.

गुरुवार, २० मार्च. अप्पर हट

सकाळी बाबा कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, दही घेऊन आले. अचानक दह्याची आठवण झाली म्हणे. मी दारात बूट घालत होतो तर थोडं माझ्या हातावर घातलं, वर चहाबरोबर ठेवलेली साखर. “उरलंय, टाकायचं कशाला.” उरलं कसलं, डबा जवळजवळ भरलेला होता. पण वाद घालायला वेळ नव्हता. चाटलं, हात पुसला, निघालो. मागून म्हणाले, “नितीश काय विचारतोय ते आधी नीट ऐक. मग बोल. घाई करू नकोस.” बाबांना हल्ली कशावरही उपदेश करायची सवय लागली आहे.

मुलाखतीला समोर तिघं होते. त्यांनी आधी इथल्या माओरी रीतीने आपापली ओळख सांगितली, कुठल्या डोंगराचे, कुठल्या नदीचे. मग माझ्याकडे बघितलं. मी तयारी केली होती ‘वीस वर्षांचा अनुभव’पासून. तोंडातून निघालं, माझी नदी कृष्णा, माझा डोंगर पांडवगड, माझ्या वडिलांचं तिथे दुकान होतं. मग त्यांनी विचारलं, टेस्टर म्हणून अलीकडे काय शिकलात? आणि मी, देवा, राएतिहीच्या टपरीची गोष्ट सांगितली! म्हणालो, मी कायम गृहीत धरतो की माणूस चुकणार किंवा फसवणार, आणि त्यावर सगळं रचतो. तिथे एका बाईने उलटं गृहीत धरलंय आणि तिची टपरी चालते. तिघंही हसले. एकजण म्हणाला, त्याची आजी राएतिहीची. बाहेर आलो तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. उद्या दुपारपर्यंत कळवणार आहेत.

ट्रेनमध्ये मृदुलाला मेसेज केला, ‘झालं समज.’ तिने कॅम्पवरून नमस्काराचे हात पाठवले.

बाबा मोटेलच्या पायरीवर बसून होते. “काय म्हणाला नितीश?” म्हटलं, मजेत आहे. बाबांनी माझा चेहरा वाचल्यासारखा बघितला आणि खूप वर्षांत आले नव्हते तसे हसले. “चला, मग मजेत असेल.” नितीशवर त्यांचा इतका जीव आहे हे मला माहीत नव्हतं.

शुक्रवार, २१ मार्च. एकेटाहुना

आल्या रस्त्याने परत जायचं नाही, असं बाबांनी ठरवलं. डोंगर ओलांडून ग्रेटाउन, मग एकेटाहुना. ग्रेटाउनमध्ये जुनी लाकडी घरं, पुढे गुलाब, आणि मी फोन हातात धरून चालतोय. एक घर फार आवडलं. वाटलं, ही नोकरी लागली की शनिवार-रविवार इकडे येता येईल, सिद्धीला आवडेल, बाबांना अंगण मिळेल. मनात खुर्च्यासुद्धा मांडून झाल्या.

एकेटाहुनाला बागेत बाकावर बसून बाबा आइस्क्रीम खात होते तेव्हा फोन वाजला. मी झाडांकडे गेलो. मुलाखतीतल्या बाई होत्या, फार चांगल्या बोलल्या. शेवटच्या दोघांत तुम्ही होतात. तुमची टपरीची गोष्ट आम्हाला सगळ्यांना आवडली. दुसऱ्या उमेदवाराला सरकारी कामाचा अनुभव जास्त. मी थँक यू म्हटलं, दोनदा. फोन ठेवल्यावरही ‘हो, हो, अगदी’ करत राहिलो, कारण बाबा बघत होते.

बागेला चक्कर मारली. आणखी एक मारली. काय सांगायचं ते जुळवत होतो. नितीशचा फोन होता म्हणावं. ऑफिसचा होता म्हणावं. मग पाय भरून आले आणि मी बाकावर येऊन बसलो. एकही थाप सुचेना. वीस वर्षं चुका शोधल्या आणि स्वतःच्या घरात एवढी मोठी चूक चालू ठेवली, याचा आता मनस्वी कंटाळा आला होता.

“बाबा, मला काहीतरी सांगायचंय.”

“सांग.”

“माझी नोकरी गेली. डिसेंबरमध्येच. काल मुलाखत होती, तीही गेली.”

बाबांनी आइस्क्रीमचा कोन हळूच कागदात गुंडाळला. मला वाटलं आता छातीला हात लावतील. मी त्यांच्या गोळ्यांची डबी खिशात चाचपत होतो.

“मला वाटलं होतं ही होईल,” ते म्हणाले. “काल तुझा चेहरा तसा होता.”

“तुम्हाला कसं...”

“मी रोज फिरायला कुठे जातो? तळ्यापर्यंत. गाडी आपली दिसली म्हणून जवळ गेलो, तर तू आत. डोकं स्टिअरिंगवर. तो पहिलाच आठवडा असेल.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू लपवत होतास. म्हणजे तुला तसं करायचं होतं. मग मी फिरायची वाट बदलली. तुला दिसायला नको म्हणून.”

मी तिथेच रडलो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, एकेटाहुनाच्या बागेत, हुंदके देऊन. कुत्रा फिरवणारी एक बाई थांबली, “यू ओके, लव्ह?” म्हणाली. बाबांनीच तिला सांगितलं, “ओके, ओके. फॅमिली.” तिने मान हलवली आणि निघून गेली.

मी डोळे पुसले. मी म्हटलं, घर विकावं लागेल कदाचित. म्हणाले, विकू. म्हटलं, लहान गावात जावं लागेल. म्हणाले, त्याला काय, बघून ठेवलीत की आपण. मग म्हणाले, “एक सांगू? आता तू घरी असणार आहेस तर दुपारी घरीच जेवत जा. तुम्ही सगळे गेलात की मला एकट्याला जेवण जात नाही. ताटाशी बसतो आणि झाकून ठेवतो. मृदुलाला वाटू नये म्हणून पक्ष्यांना घालतो.”

दोन किलोमीटरवर मी गाडीत सँडविच खात होतो. दोघंही एकमेकांपासून लपून.

सोमवार, २४ मार्च. फ्लॅट बुश

मृदुलाला आल्या आल्या सगळं सांगितलं. ती आधी माझ्यावर चिडली, मग बाबांवर, मग सिद्धीवर, कारण सिद्धीला सगळं जानेवारीपासून माहीत होतं. “आजोबा टोल्ड मी नॉट टु टेल डॅड दॅट ही नोज,” म्हणाली. म्हणजे माझ्या ऑफिसच्या नाटकावर सगळ्यात जास्त विश्वास माझाच होता.

सकाळी बॅग घेतली नाही. अर्ज पाठवले, डायनिंग टेबलावर बसून. दोन नकार आले. काळजी तशीच आहे. पामर्स्टन नॉर्थला एक जागा आहे, बाबा नकाशात आजूबाजूची गावं बघून ठेवतायत.

दुपारी मी भात लावला, बटाट्याची भाजी केली, पोळ्या तेवढ्या सकाळच्या होत्या. भाजीत मीठ जास्त झालं होतं. बाबांनी तिसरी पोळी मागून घेतली.